बिनसाखरेचं कोकम सरबत: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जुलै २०२४

४ फेब्रुवारी

वही उघडली एकदाची. मागच्या मे महिन्यात मुंबईच्या गिऱ्हाइकांचे जेवढे फोन आले त्यातल्या निम्म्यांनी तरी विचारलं असेल, ताई, बिनसाखरेचं आहे का, आणि मी दरवेळी नाही म्हणून फोन ठेवला. दुसरं कारण घरातच आहे. नाना, म्हणजे माझे सासरे, शुगर बारा वर्षांची, बीपीची गोळी, तीन वर्षांमागे एक स्टेंट, आणि खाट कुठे तर बरण्या भरायच्या खोलीला लागून. वास दिवसभर नाकात. मग रात्री बाटलीतलं सरबत कमी होतं आणि सकाळी कोणालाच काही माहीत नसतं.

आमचं काम छोटं आहे. कुडाळपासून आत, घरची अकरा कोकमाची झाडं आणि थोडे रातांबे (कोकमाची फळं) विकत घेऊन सीझनला चारेकशे बाटल्या अमृत कोकम (साखरेच्या पाकातलं), शिवाय आगळ (मिठातला रस) आणि आमसुलं. या वर्षी साखरेऐवजी स्टीव्हिया, म्हणजे एका झाडाच्या पानातला गोडवा, घालून करून बघायचं ठरवलंय. मोठ्या मापाने नाही, घरात, ग्लासाग्लासाने. सीझन सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत तोवर जुन्या आमसुलांवर प्रयोग.

लेक बीएस्सीला आहे, केमिस्ट्री, हिशोब तिच्याकडे. चव आईंकडे (सासूबाई). धुणं माझ्याकडे, नेहमीप्रमाणे.

११ फेब्रुवारी

सावंतवाडी रस्त्यावरच्या नर्सरीतून स्टीव्हियाची बारा रोपं आणली, तीस रुपयाला एक. पाटीवर 'गोड तुळस' लिहिलंय, पण तुळशीशी काही संबंध नाही, हे शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. पान बोटाच्या पेराएवढं, कडेला बारीक दाते, वास म्हणाल तर नुसता गवताचा. नर्सरीवाल्या दादांनी एक पान तोडून हातात दिलं, चावा म्हणाले. पहिले दोन सेकंद काहीच नाही आणि मग एकदम गोड, इतकं की मला हसायलाच आलं. घरी येईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, तोंडात ते गोड होतंच, फक्त शेवटी शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला कडसर, कारल्याची आठवण यावी इतपत.

रोपांना पांढरी बारीक फुलं आलेली होती, मला वाटलं वा छान. दादा म्हणाले ती आधी खुडा. दिवस लहान असला की हे झाड फुलावर जातं आणि फुलावर गेलं की पानातला गोडवा उतरतो. आपल्याकडे फेब्रुवारीत दिवस लहानच, त्यामुळे शेंडे खुडत राहावं लागणार. संध्याकाळी बसून बाराही खुडली.

१२ फेब्रुवारी

नानांनी विचारलं, ह्या खंयचा झाड? लेकीने वाचून सांगितलं. मूळ पॅराग्वे आणि त्याला लागून ब्राझीलचा डोंगराळ भाग. तिथले गुआरानी लोक शेकडो वर्षं हे पान त्यांच्या माते नावाच्या कडू चहात घालतायत. १८९९ मध्ये मोइझेस बर्तोनी नावाच्या, मूळच्या स्विस पण पॅराग्वेत जाऊन राहिलेल्या वनस्पतीवाल्याने शास्त्रीय नोंद केली, रेबाउदी म्हणून एक केमिस्ट होते त्यांचं नाव झाडाला लागलं, स्टीव्हिया रेबाउदियाना. १९३१ मध्ये दोन फ्रेंच केमिस्टनी त्यातला गोड पदार्थ वेगळा काढला, स्टीव्हिओसाइड. बाजारात खऱ्या अर्थाने आणलं जपानने, सत्तरच्या दशकात.

नाना म्हणाले म्हणजे त्येंच्या च्यायत चालता तर आमच्या च्यायत चालात. पान तोडून चहात टाकलं. चहा अर्धा ठेवला.

२५ फेब्रुवारी

रोपं अजून लहान, पानं तोडण्याइतकी नाहीत. म्हणून कुडाळच्या दुकानातून स्टीव्हियाची पावडर आणली, डब्यावर हिरवं पान, मोठ्या अक्षरात नाव. चमचाभर घातली, चव ठीकच. मग लेकीने डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि डोक्याला हात लावला. पहिलाच घटक माल्टोडेक्स्ट्रिन. स्टीव्हिया शेवटून दुसरं, आणि तेही अगदी नखाएवढं. म्हणजे डबाभर स्टार्चची पावडर, त्यात गोडव्यापुरता स्टीव्हिया.

का करतात ते पटतं. शुद्ध पदार्थ साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड, चिमूट जास्त पडली की वाट लागली, मग चमच्याने मोजता यावं म्हणून काहीतरी भर घालावीच लागते. पण माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात जाऊन साखरच होणार ना. नानांसाठी ही पावडर म्हणजे मागच्या दाराने साखर. डबा मी कपाटावर टाकून दिला. ज्यांना कोणाला घ्यायचीय त्यांनी पुढचं पान बघू नका, मागची यादी वाचा, एवढंच.

३ मार्च

ऑनलाइन शुद्ध पावडर मागवली, रेब ए (स्टीव्हियाच्या पानातला एक गोड पदार्थ) ९७ टक्के, ५० ग्रॅमला ४८० रुपये. आली तेव्हा पाकीट इतकं हलकं की आईंना वाटलं रिकामंच पाठवलंय. यादीत एकच घटक. हिशोब केला, अडीचशे पट धरलं तर ५० ग्रॅम म्हणजे साडेबारा किलो साखर. साखर आमच्याकडे ४४ रुपये किलो, म्हणजे साडेपाचशेची साखर. गोडव्याच्या मापात बघितलं तर स्टीव्हिया महाग नाहीच, उलट थोडा स्वस्त. (पुढे हा हिशोब कसा फसला ते लिहीनच.)

आता मोजायचं कसं. आमच्या ग्लासभर सरबतात साधारण २५ ग्रॅम साखर जाते, त्याला लागणार १०० मिलिग्रॅम, आणि माझा वजनकाटा १ ग्रॅमच्या खाली जातच नाही. सोनाराकडे जावं की काय अशी चर्चा झाली. लेकीने सोपं केलं, १० ग्रॅम पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून एक लिटर करायचं, म्हणजे १ टक्क्याचं पाणी, त्यातले १० मिली घेतले की १०० मिलिग्रॅम. खोकल्याच्या औषधाचं झाकण १० मिलीचंच असतं. आम्ही १०० मिलीच केलं, बाटलीला 'गोड पाणी, पिऊ नये' अशी चिठ्ठी लावली आणि फ्रिजमध्ये ठेवली, नाहीतर दोन दिवसांत बुरशी.

१० मार्च

पहिली खरी चाचणी. रात्रभर भिजवलेल्या आमसुलांचं पाणी, सारखं मोजून, चार ग्लास. पहिल्यात साखर. दुसऱ्यात अर्धं झाकण गोड पाणी, तिसऱ्यात एक, चौथ्यात दोन झाकणं. कोणता कोणता ते फक्त लेकीला माहीत.

मला वाटलं होतं चौथा खूप गोड लागेल, गिळवणार नाही. तसं झालंच नाही. तिसरा आणि चौथा गोडीला जवळजवळ सारखेच, फक्त चौथ्यात कडवटपणा दुप्पट आणि तो जाईचना. लेकीने नंतर शोधलं तर हे असंच असतं म्हणे. साखर वाढवत गेलं की गोडी वाढत जाते, गुलाबजामच्या पाकापर्यंत जाता येतं. स्टीव्हियाची गोडी एका ठिकाणी जाऊन थांबते, साधारण १० टक्के साखरेच्या पाण्याइतकी, त्यापुढे नुसता कडूपणा चढतो. जिभेवर कडू ओळखणाऱ्या ज्या जागा आहेत त्यातल्या दोनेक जागांवर हा पदार्थ पण जाऊन बसतो, म्हणून एकाच घासात गोड आणि कडू दोन्ही. आणि आमचं सरबत १० टक्क्यांच्या वर जातं, कोकण्यांना सरबत सणसणीत गोड लागतं. म्हणजे 'साखरेइतकंच गोड' हे ध्येय पहिल्याच चाचणीत बाद.

आई तिसऱ्या ग्लासाबद्दल: "गोड लागता, पन मागसून जिभेर कायतरी रवता."

ह्यांनी चारही ग्लास संपवले आणि म्हणाले सगळे चांगले आहेत. ह्यांना पुढच्या चाचणीला घ्यायचं नाही.

१७ मार्च

घरच्या पानांची पहिली तोडणी. बारा झाडांची मिळून ४१० ग्रॅम ओली पानं, सावलीत कापडावर वाळवली तर ८२ ग्रॅम. (ही ओळ २१ तारखेला लिहितेय, वाळायला चार दिवस गेले.) चुरून गरम पाण्यात अर्धा तास, फडक्यातून गाळलं. गोड आहे, प्रश्नच नाही. पण रंग म्हणजे हिरवट तपकिरी, काढा, आणि वास वाळल्या गवताचा. कोकमात घातलं आणि तो लालभडक रंग, ज्याच्यासाठी लोक बाटली उन्हात धरून बघतात, तो मातकट झाला. आई काही बोलल्याच नाहीत, ग्लास नुसता माझ्याकडे सरकवला.

शिवाय अजून एक गोष्ट लेकीने काढली. मान्यता जी आहे ती शुद्ध अर्काला. आपल्याकडे एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) २०१५ मध्ये दिली, अमेरिकेने २००८ मध्ये, युरोपने २०११ मध्ये, सगळीकडे शुद्ध स्टीव्हिओल ग्लायकोसाइड, म्हणजे पानातले ते गोड पदार्थ. अख्खं पान किंवा असा घरचा कच्चा काढा अन्नात घालून विकायला अमेरिकेत तर मान्यताच नाही. म्हणजे बागेतलं ते 'नैसर्गिक' आणि पाकिटातलं ते 'केमिकल' असं मी जे मनात धरून बसले होते ते विकायच्या बाबतीत बरोबर उलटं निघालं. पानं घरच्या चहाला, तीही ज्याला आवडेल त्याला. सध्या कोणालाच नाही.

१९ मार्च

आईंचा सल्ला, ज्येष्ठमध घाल. तो पण मुळातच गोड, आणि घरात आहे. करून बघायला हात शिवशिवत होते पण नाही. ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर बीपी वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो, नाना बीपीच्या गोळीवर. खोकल्याला कांडी चघळणं वेगळं, रोज ग्लासभर वेगळं. रद्द.

२६ मार्च

शिमगा. घर भरलंय, मुंबईहून दीर-जाऊ, त्यांची मुलं, चुलत सासरे, एकूण चौदा डोकी. इतके चाखणारे फुकट परत कधी मिळणार म्हणून पालखी येऊन गेल्यावर सगळ्यांना बसवलं. दोन ग्लास, साखरेचा आणि स्टीव्हियाचा. चौदापैकी बारांनी स्टीव्हियाचा बरोबर ओळखला, म्हणजे लपत नाही. वैनी म्हणाल्या डाएट कोल्ड्रिंकसारखं लागतंय. ही शिवी की कौतुक ते कळलं नाही, मुंबईला बहुतेक कौतुक असेल.

पण आज जे हाती लागलं ते माझ्या डोक्यातून आलं नाही. आईंना ते मागसून राहणारं कडू आवडत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच्या ग्लासात गुपचूप सैंधव टाकलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, बोटाने ढवळलं आणि पिऊन टाकलं. मी विचारलं कसं आहे, तर "आता बरा". मी घेऊन बघितलं. कडू गेलं नव्हतं पण मागे सरकलं होतं, आणि गोड उलट जास्त कळत होतं. लगेच सगळ्यांना तसं करून दिलं, यावेळी साखरेच्या ग्लासातही जिरं-मीठ, म्हणजे बरोबरी. चौदापैकी सहांनाच ओळखता आलं.

मीठ कडूला दाबतं. काकडीला मीठ लावून ठेवतो, कारल्याला लावतो ते काही अंशी म्हणूनच, हातांना माहीत होतं, डोक्याला नव्हतं. मोजून ठेवलं: २०० मिली ग्लासाला सैंधव पाव चमच्याचाही अर्धा, जिरेपूड तेवढीच, गोड पाणी ८ मिली. १० नाही, ८.

बीपीवाल्या माणसाला मीठ, हे मला दिसतंय. नानांच्या ग्लासात त्याच्या निम्मं.

९ एप्रिल

पाडवा. काही नाही. श्रीखंड साखरेचंच केलं. चक्क्यात स्टीव्हिया घालायचा विचार मनात आला आणि मी तो कोणाला सांगितला नाही.

२१ एप्रिल

पहिले रातांबे पडले. आता खरं काम. अमृत कोकमाची आमची पद्धत अशी: रातांबे धुऊन, पुसून, अर्धे करून बी-गर काढायचा, सालीच्या वाट्या बरणीत लावायच्या, वाट्यांचा एक थर, साखरेचा एक थर, किलोला दोन किलो साखर, तोंडाला फडकं बांधून उन्हात. रोज हलवायची. आठवड्याभरात साखर विरघळून बरणीत लाल पाक तरंगतो, पाण्याचा थेंब घालावा लागत नाही.

एक छोटी बरणी स्टीव्हियाची लावली. अर्धा किलो सालं, चार ग्रॅम पावडर चोळून. आईंनी बघितलं आणि विचारलं, रस सुटतलो कसो? मी म्हटलं बघू.

२४ एप्रिल

रस सुटला नाही. सालं वरून वाळत चाललीत, खाली थोडं पाणी, आणि वरच्या दोन वाट्यांवर पांढरी लव. बुरशी. शेजारची साखरेची बरणी अर्धी पाकाने भरलीय. पहिल्या तोडीच्या रातांब्यांची अर्धा किलो सालं आणि चाळीस रुपयांची पावडर गेली माडाच्या मुळात.

उघड होतं खरं तर. साखर सालीतलं पाणी ओढून घेते, आणि एवढी दाट होते की बुरशीला जगायला मोकळं पाणीच उरत नाही. मोरांबा वर्षभर टिकतो तो त्याच्यामुळेच. चार ग्रॅमची पावडर काय ओढणार आणि काय टिकवणार. आईंनी तीन दिवसांमागे एका वाक्यात विचारलं होतं.

२ मे

ओळखीच्या एका प्रोसेसिंगवाल्यांकडून ब्रिक्स मीटर (रसात शेकडा साधारण किती साखर ते दाखवणारं) दोन दिवसांसाठी आणलं. आमच्या नेहमीच्या अमृत कोकमाचं ६६. नियमात सिरप म्हणून विकायचं तर ६५ च्या खाली चालत नाही, म्हणजे आई अंदाजाने करतात ते बरोबर बसतं, त्यांना आकडा सांगितला तर म्हणाल्या बरा. साध्या कोकम रसाचं आलं १२.

म्हणजे एक लिटरच्या बाटलीत साडेआठशे ग्रॅमच्या आसपास साखर आहे. इतकी वर्षं मी बाटलीवर 'कोकम' लिहितेय आणि विकतेय बहुतेक साखर! इथे मार्चमधला तो हिशोब फसला. स्टीव्हिया गोडीला स्वस्त आहे, पण तो बाटली भरत नाही. साखर काढली की त्या जागी कोकमाचा रस भरावा लागणार, आणि रस काही ४४ रुपये किलो नाही, त्यात वेचणी, फळं फोडणं, मजुरी आहे. सगळ्यात स्वस्त माल बाटलीतून काढायचा आणि वर कमी दराने विका म्हणायचं. गिऱ्हाइकाला वाटतं साखर घातली नाही म्हणजे खर्च वाचला असेल. फोनवर हे समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागतात आणि तरी ते म्हणतात, बरं, पण थोडं कमी करा.

९ मे

वाट बदलली. साखरेशिवाय कोकम टिकवायची पद्धत आपल्याकडे आहेच की, आगळ. मिठात. पण आगळात मीठ इतकं की त्याची सोलकढी होते, सरबत नाही. मीठ कमी केलं तर टिकत नाही. मधला रस्ता म्हणून ताजा रस काढून, गाळून, ८५ डिग्रीपर्यंत गरम करून, उकळलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरला, लगेच बूच, बाटली आडवी. २०० मिलीच्या वीस बाटल्या. स्टीव्हिया आधीच घातलाय. त्याचं एक बरं, उष्णतेला आणि आंबटाला तो दाद देत नाही, उकळी आली तरी गोडी तशीच. रंग मात्र थोडा उतरला, कोकमाच्या लालीला आच सोसत नाही. ८५ च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि गॅस बंद केल्यावर पातेलं तसंच ठेवायचं नाही.

१२ मे

बाटल्या ठीक. तोंडात मात्र पातळ. साखरेचा पाक जिभेवर जरा रेंगाळतो, ओठाला चिकटतो, हे पाण्यासारखं सरळ खाली जातं. चव आहे, अंग नाही.

लेकीने एरिथ्रिटॉल सुचवलं, तो पण साखरेसारखा दाणेदार, गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के, स्टीव्हियाबरोबर घातला की अंग येतं, कडू झाकलं जातं. शंभर ग्रॅम आणून बघितलं. चवीला खरंच चांगलं, घशात पेपरमिंटसारखं गार लागतं, उन्हाळ्याच्या सरबताला ते शोभतं पण. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त सापडलं त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त होतं. त्यावरून अजून वाद आहे, सिद्ध झालं असं नाही. पण ज्या माणसासाठी करतेय त्याच्या छातीत स्टेंट आहे. वाद संपेपर्यंत मी थांबते, सरबत पातळ तर पातळ.

त्याऐवजी भिजवलेला सब्जा ग्लासात घातला. पातळपणा कोणाच्या लक्षात आला नाही.

१८ मे

नानांची शुगर मीटरवर. डॉक्टरांना आधी विचारलं होतं, ते म्हणाले स्टीव्हिया घ्या, फक्त गोळी बंद करू नका आणि मापात. माप असं आहे की वजनाच्या किलोला रोज ४ मिलिग्रॅम स्टीव्हिओलपर्यंत (या गोड पदार्थांचा गाभा) चालतं, रेब ए मध्ये मोजलं तर किलोला १२ च्या आसपास. नाना साठ किलो, म्हणजे ७२० मिलिग्रॅम, आमच्या ग्लासात ८०. नऊ ग्लास. तेवढं ते पिणार नाहीत. पितीलही.

दोन दिवस, सकाळचा नाश्ता तोच, दोन भाकऱ्या आणि भाजी, त्यावर एक दिवस साखरेचं सरबत (शेवटचं, असं सांगून) आणि एक दिवस स्टीव्हियाचं. दोन तासांनी साखरेचं २१४, स्टीव्हियाचं १५६. दोन आकड्यांवरून काही ठरत नसतं हे लेक बजावतेय, तरी घरात सगळ्यांनी तो कागद बघितला. नानांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

२ जून

विकायचं की नाही. लेबल काढायला बसले तर लक्षात आलं की नाव इथून तिथून बदलावं लागणार. ६५ ब्रिक्स नाही म्हणजे सिरप लिहिता येत नाही. स्टीव्हिया आहे म्हणजे नॉन-कॅलोरिक स्वीटनर आहे हे ठळक लिहावं लागतं. पुढे 'नैसर्गिक' लिहायचा मोह होता, झाडापासूनच येतं ना, पण पान ते पांढरी पावडर या प्रवासात पाणी, गाळण्या, रेझिन, दारू, स्फटिक असं बरंच काही आहे. 'स्टीव्हियाच्या पानांचा अर्क' इतकंच लिहिलं. 'मधुमेहींसाठी' लिहिलं नाही, लिहायला सगळ्यांनी सांगितलं तरी.

८ जून

पाऊस. मृग लागायच्या बेतालाच आला यंदा. लाकडं आत घेतली, आमसुलं आत घेतली, स्टीव्हियाची रोपं विसरले.

२३ जून

नानांची शुगर परत वर, उपाशीपोटी १६८. सरबत तर बिनसाखरेचंच, रोज दोन ग्लास, मी स्वतः देते. दोन दिवस काही कळेना. मग गादी उन्हात टाकताना (ऊन कसलं, नुसता उजेड) खाली बिस्किटांचे पुडे सापडले, एक रिकामा, एक अर्धा. विचारलं तर अजिबात न डगमगता: "सरबतात साखर नाय मां? मगे दोन बिस्किटां खाल्लंय तर काय बिघाडला?"

मी आधी चिडले. मग आठवलं की मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने साधारण याच अर्थाचं सांगितलंय, वजन उतरवायला म्हणून हे बिनसाखरेचे गोड पदार्थ वापरू नका, लांब मुदतीत फायदा दिसत नाही. त्यात स्टीव्हिया पण धरलाय. तो सल्ला आधीच डायबेटिस असलेल्यांसाठी नाही असंही त्यातच लिहिलंय, म्हणजे नानांना लागू नाही, पण त्यांच्या गादीला लागू आहे. एका ठिकाणी वाचवलं की माणूस दुसऱ्या ठिकाणी खर्च करतो. मी पण करते, सरबत बिनसाखरेचं प्यायलं की दुपारी लाडूला हात जातोच.

पुढचा प्रयोग आईंनी ठरवला, मला विचारलं नाही. नानांच्या ग्लासातलं गोड पाणी दर आठवड्याला एक मिली कमी. त्यांना सांगायचं नाही.

३० जून

वीसपैकी अकरा बाटल्या गेल्या, सगळ्या ओळखीत, लिहून घेतलं. तिघांनी परत मागितल्या. दोघांनी कळवलं की चांगलं आहे पण आम्हाला ते साखरेचंच द्या. एका काकूंनी ठाण्याहून फोन करून सांगितलं की त्या त्यात वरून एक चमचा साखर घालतात, मग अगदी मस्त लागतं.

हसले पण करून बघितलं. बरोबर आहे त्यांचं. ग्लासाला ५ ग्रॅम साखर आणि ५ मिली गोड पाणी, कडू जवळजवळ नाहीच, अंग पण येतं. २५ ची ५ झाली म्हणजे खूप झालं. पण मग ते 'बिनसाखरेचं' नाही, 'कमी साखरेचं', आणि फोनवर कोणी कमी साखरेचं आहे का असं विचारत नाही. पुढच्या सीझनला दोन्ही करणार, वेगळ्या बुचाच्या.

एक बाटली फुगली. बूच नीट बसलं नव्हतं, माझीच चूक. बाकी आठ ठीक, पण उघडल्यावर फ्रिजमध्ये चार दिवस, त्याच्या वर नाही, हे लेबलवर मोठं हवं.

६ जुलै

नाना ४ मिलीवर आलेत. पहिल्या आठवड्यात आठचे सात केले, तेव्हा तक्रार नाही. मग आईंना घाई झाली, दिवसाआड एकेक उतरवलं, तरी तक्रार नाही. काल विचारलं सरबत कसं आहे, म्हणाले जिरा कमी पडला.

१४ जुलै

बारा रोपांतली दहा गेली. या झाडाला पाणी हवं पण पायाशी साचलेलं अजिबात नको, आणि सिंधुदुर्गातल्या जुलैत पायाशी काय, गुडघ्यापर्यंत साचतं. मुळं काढून बघितली तर काळी, बोटाने सालपट निघतंय. मी त्यांना कुंडीत न लावता आळ्यात लावलं तिथेच चुकलं. उरलेली दोन पत्र्याच्या शेडखाली आणलीत, एकाला परत कळ्या आल्यात, खुडल्या.

बियांवर भरवसा नाही, फार कमी उगवतात, म्हणून शेंड्याची बोटभर कटिंगं घेतली, खालची पानं काढून, सहा. चार वाळू-मातीत, दोन पाण्याच्या ग्लासात स्वयंपाकघराच्या खिडकीत. ग्लासातल्या एकाला आज पांढरं मूळ दिसतंय, केसाएवढं.

दुसऱ्याला सकाळी सहा पानं होती, आता पाच आहेत. नाना म्हणतायत वाऱ्याने पडलं असेल.